तिच्या वाट्याचं अनवाणी चालणं

"आधी ऐक, मग टेकव. घाई करू नकोस."

मोनिका मॅडमचा आवाज. त्या जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण नादकाटा हातात घेतला की आधी तो आवाज येतो आणि काट्याचा नाद त्याच्या मागून... भानुमतीनं काटा तळव्याच्या मांसल भागावर हलकेच आपटला, कानाशी नेला. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसाच साधा काटा, एका टोकाची चकाकी उडालेली — फिजिओथेरपीचं कॉलेज संपवून निघताना मॅडमनी तो हातात ठेवला होता, आणि म्हणाल्या होत्या, की मशिनं येतील-जातील, पण पेशंटचं अंग काय म्हणतं ते ऐकायची सवय सोडू नकोस. गुणगुण भरून आली, कानात स्थिर झाली, तेव्हा कुठं तिनं काट्याचा दांडा समोरच्या पावलावर टेकवला — दुसऱ्या बोटामागच्या लांब, बारीक हाडावर. हाड आतून दुखावलेलं असलं तर ती थरथर तिथं टोचते.

पाऊल झटक्यानं मागं गेलं.

"गुदगुल्या झाल्या," अपेक्षा म्हणाली.

"अंगठ्यामागं टेकवला तेव्हा नाही झाल्या त्या?"

अपेक्षानं छताकडं बघितलं. भानुमती त्या पावलाकडं बघत राहिली. बाहेरच्या नळावर धुऊन आलेलं पाऊल, तरी टाचेच्या चिरांत डांबराचा काळपटपणा राहिलेलाच. वरच्या बाजूला, बोटांच्या मागं, सूज अशी की सवय नसलेल्या नजरेला दिसायचीही नाही. बोटानं दाबत गेलं तर दुखणं पसरट नव्हतं, एका ठिपक्यावर बसलेलं होतं... आणि ठिपक्यावर बसलेलं दुखणं तिला आवडत नाही. पसरलेलं दुखणं बहुधा स्नायूचं असतं, ते रुसतं आणि परत येतं. ठिपक्यावर बसलेलं दुखणं हाडाचं.

"कधीपासून?"

"पहिल्या माळेला काहीच नव्हतं. तिसरीला विद्यापीठाच्या चढावर पळाले तेव्हापासून थोडंसं. पण चालतं मॅडम, बांधून पळता येतं."

"बूट न घालता पळालीस?"

"नऊ दिवस अनवाणी म्हटलं तर अनवाणीच ना," अपेक्षा म्हणाली, आणि तिची नजर सरळ खाली, टेबलाच्या पायाशी उभ्या असलेल्या भानुमतीच्या पावलांवर गेली. तीही अनवाणीच होती. दर नवरात्रात असते. आज पाचवी माळ.

भानुमतीनं, उगाचच, साडीचा काठ थोडा खाली ओढला.

ही पोरगी उन्हाळ्यात पहिल्यांदा आली होती ती गुडघा घेऊन. फुलंब्रीची, गारखेड्यात खोली करून राहते, बीड बायपासच्या एका जिममध्ये मुलांना शिकवते आणि उरलेल्या वेळात स्वतः त्या नव्या शर्यतीची तयारी करते — एक किलोमीटर धावायचं की लगेच लोखंडी गाडा ढकलायचा, पुन्हा धावायचं की दोर ओढायचा, पुन्हा धावायचं की वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन गुडघे टेकत टेकत जायचं, आणि शेवटी पाय थरथरत असताना जड चेंडू भिंतीवर फेकत राहायचा. डिसेंबरात मुंबईला आहे. गेल्या वर्षी गुडघ्यानं अर्ध्यातून बाहेर काढलं. या वर्षी पूर्ण करायचीच, एवढं एकच वाक्य तिनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. भानुमतीनं त्या गुडघ्याकडं महिनाभर बघितलंच नाही, कमरेकडं बघितलं. उडी मारून खाली येताना गुडघा आत वळतो तो गुडघ्याच्या दोषानं नाही, वरची माणसं, म्हणजे कमरेचे स्नायू, आपलं काम करत नाहीत म्हणून. मग आरशासमोर उभं करून एका पायावर बसणं, उठणं, हळू उतरणं... घरातल्या कर्त्या माणसांना कामाला लावल्यासारखे तिनं एकेक स्नायू जागे केले. गुडघा बरा झाला.

तेव्हा तिची आई साळूबाई पिशवीभर मोसंबी घेऊन आली होती. शर्यतीचं ऐकून म्हणाली होती, "वाळूची गोनी खांद्यावर घ्यायला ममईला कशाला जायचं? आमच्याकडं ये म्हनावं त्यायला, गोन्याबी देतो आन् वर भाकरबी." आणि मग एकदम वाकून भानुमतीच्या पाया पडायला लागली. भानुमतीनं तिला खांद्याला धरून थांबवलं, भिंतीवरच्या तुळजाभवानीच्या तसबिरीकडं हात केला आणि नेहमी म्हणते तेच म्हणाली, "मी काही केलं नाही हो. तिनं केलं."

साळूबाईचे ओठ तेव्हा तसबिरीकडं बघून हलले होते. भानुमतीला ते दिसले होते. बायका देवीशी बोलतात, त्यात बघण्यासारखं काय, म्हणून ती पाठ वळवून मोसंबी आत ठेवायला गेली...

"आई बोलली होती," अपेक्षा आता सांगत होती. "गुडघा राहिला तर पोरगी नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहील, आणि रोज पहाटे कर्णपुऱ्याला देवीच्या पाया पडून येईल. मला मागच्या महिन्यात सांगितलं."

तर ते हे होतं. ओठ हलले होते ते हे.

भानुमतीनं काटा पुसला, डबीत ठेवला. पुढचा प्रश्न विचारायच्या आधी ती उठून दार लोटून आली. "बाळ, पाळी वेळेवर येते?"

"नाही." अपेक्षा मोकळेपणानं म्हणाली. "उन्हाळ्यापासून बंदच आहे. पण बरंच झालं ना मॅडम? घट बसलेले, रोज देवळात जायचं, मधेच अडचण आली असती तर? आई म्हणाली, देवीनंच बघितलं."

...आणि इथं भानुमतीला आतून काहीतरी गार लागलं. कारण हेच वाक्य तिच्या स्वतःच्या तोंडी आलं असतं. पूर्वी किती नवरात्रांत तिनं तारखा मोजल्या होत्या, गोळ्या घेतल्या होत्या, पुढं गेली की मनातल्या मनात हात जोडले होते. पुस्तकात काय लिहिलंय ते तिला पाठ होतं — खाणं कमी, कष्ट जास्त, मग शरीर एकेक दिवा मालवत जातं, आधी हा, मग हाडांचा — आणि तरीही ते पुस्तक एका खोलीत होतं आणि देवघर दुसऱ्या खोलीत, आणि मधलं दार तिनं कधी उघडंच ठेवलं नव्हतं.

"आणि खातेस काय?"

"एक वेळ. भगर किंवा साबुदाणा."

"आणि व्यायाम?"

"तो रोजचाच."

भानुमती स्टुलावर बसली. अपेक्षाचं पाऊल तिनं दोन्ही हातांत धरलं, तपासायला नव्हे, नुसतंच. "ऐक. हाड काही दगड नसतं. रोज थोडं झिजतं आणि तू निजलीस की भरून निघतं. भरायला आतून काही आलंच नाही, आणि वर एकदम उघड्या पायांनी डांबरावर पळालीस, तर झीज पुढं जाते आणि भर मागं राहते. माझ्या मते तुझं हाड अजून तुटलेलं नाही, ते तुटायच्या तयारीत आहे. उद्या एमआरआय करू, हाडाच्या डॉक्टरांना दाखवू, पाळीसाठी बायकांच्या डॉक्टरांना दाखवू. आत्ता थांबलीस तर डिसेंबर हातात राहू शकतो. नक्की म्हणत नाही मी. पण राहू शकतो. असंच चाललीस तर डिसेंबर गेला, आणि पुढचा उन्हाळाही."

"थांबायचं म्हणजे?"

"पळणं बंद. उड्या बंद. हात, पाठ, पोट — सगळं चालू. पाण्यातला व्यायाम चालू. उपास कर, पण दिवसातून तीनदा पोटभर खाऊन कर. दही, शेंगदाण्याची आमटी, राजगिरा, रताळी... देवी ताट बघून रागावत नाही. आणि कडक तळाचा बूट. आत्तापासून. घरातही."

अपेक्षानं पाऊल हळूच सोडवून घेतलं. मग तिनं विचारलं, उद्धटपणे नाही, खरंच कळत नसल्यासारखं, "मॅडम, तुम्ही घातला असता?"



मी घातला असता?... ती कोपऱ्यातल्या कपाटाशी गेली, बूट शोधायचं निमित्त करून. तिचे यजमान केशव दवाखान्यात काचेपलीकडे होते तेव्हाही नवरात्रच होतं. छातीत कळ आली म्हणून दुपारी नेलं, रात्रभर नळ्या, पहाटे डॉक्टर म्हणाले की आता वाट बघायची. आणि ती दवाखान्यातून निघून चालत सुटली ती थेट कर्णपुऱ्याला, पाळण्यांच्या आणि बांगड्यांच्या दुकानांच्या मधून, रांगेत उभी राहिली, आणि समोर मूर्ती आली तेव्हा पायाला फरशी गार लागली म्हणून खाली बघितलं तर चपला नव्हत्याच. त्या दवाखान्याच्या जिन्याखाली राहिल्या होत्या. ती काहीच बोलली नव्हती देवीला. शब्दानं नाही. पाय आपोआप अनवाणी आले होते आणि केशव वाचले, आणि त्या दिवसापासून तिनं ते तसंच ठेवलं — दर नवरात्रात, दर पहाटे. लोक म्हणतात भानुमतीबाईंची श्रद्धा बघा. पण पहाटे उंबरठ्यावर पाय टाकताना छातीत जे असतं ते काय असतं, हे तिनं कुणाला सांगितलेलं नाही. एक माळ चुकली तर... हे वाक्य ती कधी पुरं करत नाही.

साळूबाई दुपारी आली. अपेक्षानं फोन केला होता. घरी घट, अखंड दिवा, तो शेजारणीच्या हवाली करून मिळेल त्या गाडीनं आली होती आणि उभ्या उभ्याच बोलायला लागली.

"बोललेलं फिटलं पायजे, बाई. म्या आता देवीला काय सांगू? पोरीनं पाचव्या माळंला बूट घातले म्हनून?"

"पाय तिनंच दिलाय ना साळूबाई? तो राखायला नको?"

"तिनं दिला म्हनूनच तर बोलले ना. आन् तुमी वो? तुमच्या पायात कुठंय चप्पल?"

भानुमती हसली. हसण्याशिवाय काय करणार. दोघी मायलेकींनी तिला एकाच जागी धरलं होतं. "तुमच्याकडं कुणी बोललं आणि ते माणूस आजारी पडलं, बाळंतपणात असलं, तर कोण फेडतं?"

"घरातलं कुनीबी. जाऊ, ननंद. म्याच फेडलं असतं, पर घट सोडून रोज इकडं कशी येऊ?"

"मग मी चालते. उरलेल्या माळा. अपेक्षाच्या नावानं."

साळूबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. "तुमी घरातल्या व्हय?"

"मोसंबी तर घरातल्यासारखी पिशवीभर आणली होती."

"ती व्हय!" साळूबाईचं तोंड सैल झालं, पण डोळे अजून व्यवहारात होते. "पर तुमचं तुमचं चालनं हायेच की. एकाच चालन्यात दोन नवस बसवायचे? देवी काय येडी हाय?"

ते खरंच होतं. भानुमतीच्या ओठांवर आलंही — मग मी दोनदा जाईन, एकदा माझं, एकदा तिचं. तोंड उघडलं आणि टेबलावरून अपेक्षा म्हणाली, "मॅडम, एकदम डबल? सकाळी मला काय सांगितलंत? आणि तुमची टाच दुखते, मला माहितीये. तुम्ही उठताना भिंत धरता."

तिघीही हसल्या. साळूबाई सर्वांत जास्त. "ऱ्हाऊ द्या, डाक्टरला डाक्टर भेटली."

हसू ओसरलं तेव्हा ती गोष्ट भानुमतीच्या समोर तशीच उभी होती, साधी आणि उघडी. शरीर एक. चालणं एक. त्यात एकाच माणसाचं नाव बसतं.

"दोनदा नाही," ती म्हणाली. आवाज एवढा बारीक आला की तिलाच तो पुन्हा काढावा लागला. "एकदाच जाईन. तिच्या नावानं."

"मंग तुमचं?"

"माझं मी देवीशी बघते."

साळूबाईला काय कळलं, किती कळलं, देव जाणे. पण तिनं टेबलापाशी तसाच पडून असलेला बूट घेतला, तो कडक तळाचा, पट्ट्यांचा, कुरूप बूट, आणि खाली बसून आपल्या हातानं लेकीच्या पायात चढवला. पट्टे घट्ट करून सैल केले, बोट आत घालून बघितलं, लहानपणी बघितलं असेल तसं. "लई जड हाय गं. खंडेनवमीला आता ह्योच पूजू. तुजं हत्यार."

"आई, पेशंट लोक घालतात तो. त्याला झेंडू लावणार तू?"

"लावनार. आन् तू गप दूध पी आधी."

त्या गेल्यावर दुपारभर पेशंट येत राहिले. मान धरलेला बँकेतला माणूस, खांदा न उचलणाऱ्या आजी, बिडकीनच्या कारखान्यातून पाठ घेऊन आलेला तरुण. भानुमतीचे हात आपलं काम करत होते आणि मन मात्र सारखं एका जागी जाऊन परत येत होतं, दातातल्या फटीकडं जीभ जावी तसं. बोलले तर खरं मी... उद्या पहाटे पाय उचलेल का? इतकी वर्षं जे चालले ते देवीकडं जायला चालले, की त्या काचेपासून लांब जायला? ठिपक्यावर बसलेलं दुखणं. दाबलं की नेमकं तिथंच. त्याच्या आजूबाजूला सगळं कसं निरोगी — जप, वाती, उपास, सगळं गोड, सगळं मनापासूनचं — आणि मधोमध तो एक ठिपका, ज्याच्यावर कुणी बोट ठेवलं की पाय झटक्यानं मागं येतो आणि माणूस म्हणतं, गुदगुल्या झाल्या.

मोनिका मॅडम म्हणायच्या, दुखत्या जागेवर भार टाकायचाच नाही असं नसतं गं. किती टाकायचा ते ठरवायचं असतं. भार टाकलाच नाही तर हाड बळकट कसं होणार?

संध्याकाळी आरती झाल्यावर तिनं केशवना सांगितलं. ते रताळ्याचा कीस खात होते, उपास नसताना. त्यांना तो आवडतो. सगळं ऐकून घेतलं, आणि वाटीत चमचा फिरवत म्हणाले, "म्हणजे उद्यापासून माझं खातं बंद?"

"काहीतरीच काय बोलता हो!"

"अगं गंमत केली." मग तिच्या चेहऱ्याकडं बघून चमचा थांबला. "भानू... तुला भीती वाटते?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे विचारलं नव्हतं. किंवा तिनं विचारू दिलं नव्हतं. ती निरांजनातली वात पुढं सारत राहिली. "वाटते," ती म्हणाली.

"मग आता माझं कोण चालणार?"

"तुम्ही चाला. डॉक्टरांनी मला नव्हतं सांगितलं रोज चालायला, तुम्हाला सांगितलं होतं. आपल्या स्वरालीनं पुण्याहून पाठवलेले बूट अजून खोक्यात आहेत."

हे तिनं चिडून म्हटलं नव्हतं. पण इतकी सोपी गोष्ट दोघांनाही कधी सुचली नव्हती.

झोपण्याआधी फोनवर अपेक्षाचा फोटो आला. ताट — भगर, शेंगदाण्याची आमटी, दही, उकडलेलं रताळं. खाली लिहिलेलं, 'तिसऱ्यांदा खातेय. आई फुलंब्रीला घेऊन आली, समोर बसलीये, उठू देत नाही. एमआरआयची वेळ उद्या अकराची.' आणि ताटाच्या कडेला, फोटोत चुकून आलेला, त्या बुटाचा काळा पट्टा.

पहाटे भानुमती नेहमीसारखीच उठली. आंघोळ, तुळशीला पाणी, देवापुढं दिवा. फरशीवर टाच टेकली तेव्हा कळ आली, तिनं भिंत धरली, मग आठवण होऊन सोडली आणि अपेक्षाला शिकवलं होतं तसं पोटऱ्या ताणून हळूहळू पाच-सात वेळा टाचा उचलल्या. पायाच्या खालच्या बाजूला तेल चोळलं. रस्त्यावरून नाही, कडेच्या मातीवरून चालायचं, हे तिनं रात्रीच ठरवलं होतं. नवसही जाणतेपणानं फेडावा.

मग देवापुढं बसून तळहातावर पळीभर पाणी घेतलं. ओठांवर सवयीनं केशवांचंच नाव आलं. ते तिथंच थांबवलं. पाणी तळहातावर गार होत होतं, बोटांच्या फटीतून एक थेंब सुटला... एक माळ चुकली तर... आणि आज पहिल्यांदा तिनं ते वाक्य पुढं जाऊ दिलं. चुकली तर चुकली. माणूस आत झोपलंय. त्याचा श्वास ऐकू येतोय. तो मी चालते म्हणून चालत नसेल; तो देवीच्या हातात आहे, आणि तिथं तो माझ्या पायांच्या आधीपासून आहे. हे मी सगळ्यांना सांगत आले, मी काही केलं नाही हो, तिनं केलं. स्वतःला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

"अपेक्षा," ती म्हणाली. गोत्र माहीत नव्हतं. माहीत नसेल तर काश्यप म्हणावं, तसं म्हटलं. "...काश्यप गोत्रातल्या या मुलीच्या वाट्याचं चालणं मी चालते आहे. पाय तिचा राख." पाणी ताम्हणात सोडलं.

छातीत जे रोज असायचं ते होतं. पण त्याची जागा थोडी हलली होती, जड सामान एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतल्यासारखी, आणि मोकळ्या झालेल्या जागी वारा लागत होता.

तिनं दार उघडलं. बाहेर अजून अंधार होता, उस्मानपुऱ्याच्या रस्त्यानं दोन-तीन बायका ओट्या घेऊन आधीच निघालेल्या, त्यांच्यातली एक हळू आवाजात काही म्हणत होती. पायाखाली पायरी गार. भानुमती उतरली, फाटकाशी थांबली. आत, मागं, पुठ्ठ्याचं खोकं उघडल्यासारखा आवाज झाला, आणि मग कागदाची चुरचुर, नव्या बुटांत भरलेला असतो तशा पातळ कागदाची... की उशाशी ठेवलेलं वर्तमानपत्र असेल, वाऱ्यानं हललेलं.

वळून बघावंसं वाटलं. तिनं बघितलं नाही. आधी ऐक. ती क्षणभर नुसतं ऐकत उभी राहिली, मग फाटक हलकेच लोटून घेतलं, आणि रस्त्याच्या कडेच्या मातीवर, घाई न करता, पाऊल टेकवलं.